डिस्क जळाली म्हणालीस

३ नोव्हेंबर

शेंडेफळ,

मी फोन उचलत नाही, अशी आईकडे केलेली तक्रार पोचली. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून पत्र. वाचताना फारच बोलावंसं वाटलं तर भिंतीशी बोल.

तुझा निरोपही आईने दिला. वीस तारखेला तुमच्या मालकांची गाडी आपलं भरतकामाचं मशीन न्यायला येणार. पुढच्या महिन्यापासून मी तुमच्या कारखान्यात, खिडकीजवळची खुर्ची माझी. तू आईला सांगितलंस, आईने मला सांगितलं आणि मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? कॉम्प्युटरची डिस्क जळाल्यापासून हातात उरलंय काय? शाळांची चिन्हं, अग्निशमनवाल्यांच्या टोप्यांवरची ती शिडी, इस्पितळातल्या नर्सच्या खिशावरचा दिवा, इतक्या वर्षांची सगळी डिझाइनं एका दुपारी गेली. डिझाइन नसेल तर ते मशीन म्हणजे एक अवजड सुई.

तो दिवस तू होतीस म्हणून निघाला. पडद्यावर ते पांढरं वाक्य आलं, डिस्क सापडत नाही म्हणून. तू खाली वाकून खोक्याला कान लावलास, मान हलवलीस आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागलीस. आधी तू रडलीस, मग मी. त्यानंतर लगेचच तू त्या कारखान्यात लागलीस, हे मला झोंबलं होतं, खोटं कशाला बोलू. मग मनाला समजावलं, पोरीने तरी बंद पडद्यासमोर किती दिवस बसायचं.

असो. मशीन पाठवते. मेलेला खोकाही गाडीत टाक म्हणालीस, सुट्या भागांना उपयोग होईल म्हणून, तो मात्र मिळायचा नाही. आईला पत्ते हवेत. दुपारची ती त्याच्यावर एकटीने पत्ते लावायची आणि हरली की कॉम्प्युटर लबाडी करतो म्हणायची, ते आठवत असेल. आता दुपारी काय करू म्हणून तिने माझं डोकं खाल्लंय. म्हणून जुन्या कॉम्प्युटरचे भाग विकणाऱ्या त्या भिंगकाकांकडे गेले. कपाळावर भिंग लावून फिरतात ते. त्यांनी सांगितलं की डिस्क मेली म्हणजे कॉम्प्युटर मेला असं नाही. तशीच दुसरी वापरलेली डिस्क ते देतील. तिच्यावर आपली ती जुनी सिस्टीम नको, तिला आता कोणी वाली नाही. नवी मोठी सिस्टीम या खोक्याला झेपणार नाही. जुन्या मशीनसाठी मुद्दाम बनवलेल्या हलक्या सिस्टीम फुकट मिळतात, म्हाताऱ्या पोटाला हलकं अन्न द्यावं तशातला प्रकार. आधी जुनी डिस्क काढून आणा म्हणाले, म्हणजे माप कळेल.

उद्या-परवा खोका उघडते. इतकी वर्षं ते खातं तुझ्याकडे होतं, मी कधी आत डोकावलेसुद्धा नाही.

ताई


६ नोव्हेंबर

खोका उघडला.

धूळ होती. पंख्यावर तर गोधडी झाली होती धुळीची. ब्रशने झाडत झाडत डिस्कपर्यंत पोचले. तिच्यावर अजून बनवणाऱ्या कंपनीचा कागद चिकटलेला आहे, म्हणून ओळखली. म्हटलं, आता हिची वायर काढायची. तर वायर लावलेलीच नव्हती.

लाल वायर आणि वीज देणारी दुसरी, दोन्ही काढून, नीट घडी घालून बाजूला बांधून ठेवलेल्या होत्या. हिरव्या दोऱ्याने. आपल्या रिळातल्या दोऱ्याने. आणि गाठीचं टोक कुठे दिसेना.

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. टोक वेढ्यांच्या खालून मागे ओढून आत दडवलेलं होतं. शेंडेफळ, बाकीचे सगळे भरतकामवाले मागच्या बाजूला दोरे लोंबते ठेवतात. टोक दडवणाऱ्या आपण दोघीच. शाळेच्या मुलांना मानेला टोचतात म्हणून मी ते सुरू केलं आणि तुला शिकवलं. पहिली कित्येक टोकं तू वैतागून कापून टाकली होतीस. मग हात असा बसला की तू आईच्या औषधाच्या पुडीलाही तीच गाठ मारायला लागलीस.

वायर नुसती उपटून सोडली असतीस तर मला वाटलं असतं, सैल होऊन निसटली असेल. मी हसत हसत तुला फोन केला असता, अगं, आपण वेड्या, नुसती वायर निसटली होती. तुला वाचवायला मीच पुढे झाले असते. पण तुला लोंबती वायर बघवली नाही. माझा गळा कापतानासुद्धा टोक आत दडवलंस.

मी ती गाठ सोडवली नाही, कापली. दोन्ही वायरी डिस्कला लावल्या आणि बटण दाबलं. ते पांढरं वाक्य आलं नाही. डिस्क गुरगुरली. जुन्या सिस्टीमचं चित्र आलं, गेलं, परत आलं, परत गेलं, त्याच्या पुढे काही सरकेना. पण डिस्क फिरतेय. हे लिहितानाही तिचा आवाज येतोय.

तू खोक्याला कान लावला होतास. तुला तिथे काय ऐकू येणार होतं? तूच तर वायर काढली होतीस.

मला हे कुणाला सांगायची लाज वाटतेय. केलंस तू, आणि लाज मला.


१० नोव्हेंबर

आईला सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर तुझं तू निस्तर.

भिंगकाका घरी आले. जुनी सिस्टीम बिघडलीय, डिस्क ठीक वाटतेय म्हणाले. बिघाड कसा झाला ते सांगता येत नाही, खूप दिवस बंद पडलेल्या मशीनचं असं होतं. पण आधी डिस्कवर काही चढवायचं नाही, अशी मला ताकीद दिली. सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच चालू करायची, डिस्कला हात न लावता आत बघायचं, जे हवं ते बाहेर काढायचं आणि मगच पुढचं.

पहिल्या पेन ड्राइव्हवर जी सिस्टीम होती तिने तोंडावरच सांगितलं की या प्रोसेसरवर मी चालणार नाही. नव्या जातीच्या प्रोसेसरसाठी होती ती. दुसरी चालली, पण बाण इकडून तिकडे जाईपर्यंत चहा निवला. आई खुर्ची ओढून बसलेली होतीच. म्हणाली, "याच्यापेक्षा माझे गुडघे बरे." शिवाय दर वेळी सुरू केलं की कॉम्प्युटर तू शाळेत असतानाची तारीख दाखवायचा. आतला बटणासारखा गोल सेल संपला होता, काकांनी नवा बसवला.

तिसरी सिस्टीम साधी आहे. खाली एक पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, ना सजावट ना सावल्या. पण झटकन आली. काकांनी मला डिस्कचं चित्र दाखवलं आणि उघडा म्हणाले. माझा हात पुढे होईना. शेवटी आई म्हणाली, दाब की गं, चावतंय का.

सगळं आहे. एकूण एक. शाळा, शिडी, दिवा, त्या पोहणाऱ्यांच्या मंडळाचा मासा, ज्याला तू पापण्या काढल्या होत्यास. मला आनंद व्हायला हवा होता. काकांना तर फारच झाला. पण एकेक फाइल उघडायची आणि ती धडधाकट निघायची, आणि दर वेळी तू अजून थोडी खोटी ठरायचीस. एखादं तरी डिझाइन खराब निघावं असं मला वाटायला लागलं. एक तरी. नाही निघालं.

काका म्हणाले, वायर कुणी काढली असेल त्याने डिस्कला आराम दिला, भलंच केलं तुमचं. मी त्यांना चहा दिला.

सगळं बाहेर काढून घेतल्यावर मी एकटीने सिस्टीम डिस्कवर चढवली. ती आधी विचारते, डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का. वरून पुन्हा विचारते, नक्की ना. दोनदा विचारते, शेंडेफळ. एक फुकटची सिस्टीम.

आता भरतकामाच्या मशीनची वायर जोडायची राहिलीय. नव्या कॉम्प्युटरांना ती रुंद खोबण नसतेच, म्हणून तर आपण हा खोका जपला. तेवढं जमलं तर मशीन जागचं हलणार नाही. तसं मालकांना कळव. नाहीतर राहू दे, त्यांना आल्यावर कळेल.


१५ नोव्हेंबर

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, घाईचं.

तू लिहितेस की हे सगळं तू माझ्यासाठी केलंस. मी त्या खोलीत सुईसारखी झिजत होते, डोळे जात होते, आणि कितीही सांगितलं तरी मी तिथून हलले नसते. म्हणून माझ्या पायातली बेडी काढलीस. मग मी कारखान्यात रुळले की एक दिवस खोका उघडून वायर लावणार होतीस, आणि डिझाइनं परत आलेली पाहून मी आनंदाने उडी मारणार होते. हे वाचून मी खरंच हसले. आई आतून विचारायला आली, काय झालं म्हणून.

पण मला एक सांग. खोका गाडीत टाक, हा निरोप तुझा की मालकांचा? डिस्क चांगली आहे हे त्यांना कधीपासून माहीत होतं? चार पानांत तू याच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस. माझ्या डोळ्यांबद्दल दीड पान आहे.

मशीन बोलायला लागलंय. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर पाठवायचा आणि मशीन ढिम्म. वेग जुळत नव्हता, हा भरभर बोलणार आणि मशीनला सावकाश ऐकायची सवय. भिंगकाकांनी फोनवरून एक आकडा बदलायला सांगितला आणि मशीनने सुई उचलली. मी आईला हाक मारली. आईने टाळ्या वाजवल्या आणि मग म्हणाली, पण माझे पत्ते कुठायत. पत्तेही आहेत या सिस्टीमवर. आता ती त्यांच्यावरही लबाडीचा आळ घेते.

आता खरं काय ते ऐक. इस्पितळाच्या मेट्रनबाईंना फोन केला होता. नर्सच्या नव्या गणवेशांचं काम निघालंय, दिव्याच्या चिन्हाचं, आणि ते अजून कुणाला दिलेलं नाही. तुमचे मालक जाऊन आलेत. मला मिळालं तर ही खोली राहते, मी राहते. नाही मिळालं तर त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर येऊन बसावं लागेल, तुझ्या हाताखाली, आणि दुपारच्या सुट्टीत तुझ्याशी गोड बोलावं लागेल. काम मला जमेल गं. ते गोड बोलणं जमायचं नाही.


२१ नोव्हेंबर

तू काल गेल्यापासून मी बोललेली नाही, म्हणून लिहिते.

गाडी खाली उभी राहिली तेव्हा मशीन चालू होतं. तू जिन्यात थांबलीस, तो आवाज ऐकून. मला तुझी पावलं कळतात. वर आलीस, आईच्या पाया पडलीस, आणि सवयीने सरळ कॉम्प्युटरकडे गेलीस. ही कुठली सिस्टीम घातलीस म्हणून वाकून बघायला लागलीस. मी खुर्ची सोडली नाही. आपल्यात असं कधी झालं नव्हतं, तू आलीस की मी उठायची. तुला कुठे उभं राहावं ते कळेना.

मग ते एकदाचं सांगितलंस. तू पहिल्यांदा भेटायला गेलीस तेव्हा मालकांनी विचारलं होतं, डिझाइनं कुणाकडे आहेत. तू म्हणालीस, आमच्याकडे. डिझाइनांसकट येत असाल तर दोघींना घेतो म्हणाले. म्हणजे डिस्क जळायच्या आधीच तिचा सौदा ठरला होता. आईच्या समोर सांगितलंस, हे बरं केलंस. ती उठून आत गेली, पत्ते अर्धे टाकून.

"मी विचारलं असतं तर तू आली असतीस का?" तू म्हणालीस.

"नसते आले."

"मग मी काय करायचं होतं?"

"नाही ऐकून घ्यायचं होतं. आणि एकटीने जायचं होतं. मी तुला अडवलं नसतं."

त्यावर तू रडायला लागलीस. मी बघत राहिले. त्या दुपारचं आणि हे, दोन्ही रडणं मला एकसारखंच दिसत होतं. शेंडेफळ, हे सगळ्यात वाईट झालं. यापुढे तू रडलीस तर ते खरं का खोटं, मला कळणार नाही.

पेन ड्राइव्ह तुला दिला त्याचं कारण तू नीट ऐकून घेतलं नाहीस, म्हणून पुन्हा लिहिते. त्यात तू काढलेली सगळी डिझाइनं आहेत, शिडी, मासा, दिवा, सगळी. मी काढलेली त्यात नाहीत. आणि तुझी माझ्या कॉम्प्युटरवरून मी पुसलीत. आपल्यात वाटणी अशी कधी झालीच नव्हती, कोणतं कुणाचं हे विचारायची वेळ आली नव्हती, म्हणून बसून एकेक आठवावं लागलं. दोन-चारांच्या बाबतीत शंका होती, ती तुला दिली.

तू म्हणालीस, "ताई, वेडी आहेस का? काम दिव्याचंच आहे. तुला दिवा काढता येत नाही."

खरं आहे. तुझ्या हातात जे आहे ते माझ्या नाही. मी मशीन सांभाळणारी, दोऱ्याचा ताण बघणारी, टोकं दडवणारी. पण तुझा दिवा ठेवून घेतला असता तर रोज त्याच्यामागे तू दिसली असतीस. मी शिकेन म्हटलं. गाडी रिकामी गेली, ड्रायव्हर चिडला. आईने संध्याकाळी एवढंच विचारलं, ती जेवून का नाही गेली.


२ डिसेंबर

शेंडेफळ,

दिवा काढला. या हलक्या सिस्टीमवर चालणारा भरतकामाचा एक फुकट प्रोग्राम भिंगकाकांनी शोधून दिला. तो दिसायला ओबडधोबड आहे आणि जरा जास्त काम दिलं की कॉम्प्युटर दम खायला थांबतो. थांबू दे म्हटलं, मीही थांबते. पहिल्या दिव्याची ज्योत अशी कलली होती की मेट्रनबाईंनी इस्पितळाची खिडकी लावून घेतली असती. उसवला. दुसऱ्यात टाके इतके दाट पडले की कापड गोळा झालं. उसवला. तिसरा बरा आला. तुझ्या दिव्यात ज्योतीला आत एक फिकट छटा होती, ती मला जमली नाही, माझी ज्योत एकाच रंगाची आहे. पण सरळ उभी आहे आणि मागच्या बाजूला हात फिरवला तर काही टोचत नाही.

मेट्रनबाई काल नमुना बघायला आल्या. खिडकीशी नेऊन पाहिला, उलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, हे आधीसारखं नाही.

मी म्हणू शकले असते की नवीन दोरा आहे, किंवा नवीन मशीन, किंवा आता असाच दिवा चालतो. त्यांना काय कळणार होतं? या एका वाक्यावर माझी खोली टांगलेली होती, आणि तिकडे आई दारात उभी राहून ऐकत होती.

मी म्हटलं, आधीचा दिवा माझ्या बहिणीने काढला होता. ती आता इथे नाही, नदीपलीकडच्या कारखान्यात आहे. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तुम्हाला तोच दिवा हवा असेल तर तो तिच्याकडे मिळेल. आणि तुझा पत्ता लिहून दिला.

त्यांनी पत्ता वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. परत नमुना हातात घेतला. पहिले गणवेश माझ्याकडे पाठवते म्हणाल्या, पुढचं त्यानंतर बघू. म्हणजे त्या कदाचित तुलाही फोन करतील. केला तर चांगलं काम करून दे.

आई म्हणते, असं कुणी स्वतःच्या पोटावर पाय देतं का. मलाही वाटलं होतं की हे सांगणं फार जड जाईल. तसलं काहीच झालं नाही. त्यांनी विचारलं, मी जे होतं ते सांगितलं, त्यांनी ठरवलं. चहा निवायच्या आत सगळं झालं. ते इतकं सोपं असतं, एवढंच तुला कळवायचं होतं.

ताई